स्कॅन केलेले अंक ठेवायचे कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ग्रंथालयांतील जुन्या मासिकांच्या स्कॅनिंगवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख आवडला. मात्र स्कॅन झालेले अंक साठवायचे कसे, हे त्यात आले नाही.

मी तालुक्याच्या गावातील एका ‘ब’ वर्ग ग्रंथालयाचे संगणक सांभाळतो. पुरवठादाराने दोन हार्ड डिस्कचे सहा पार्टिशन, म्हणजे स्वतंत्र कप्पे, पाडून दिले होते. मासिकांचे पार्टिशन काठोकाठ भरले, तेव्हा हिशेबाच्या पार्टिशनमध्ये दीडशे जीबी आणि ‘इतर’ नावाच्या पार्टिशनमध्ये दोनशे जीबी नुसती पडून होती. परिणामी एकाच मासिकाचे अंक तीन ठिकाणी विखुरले. वाचकाने १९५६ चा दिवाळी अंक मागितला की ग्रंथपालबाई तिन्हीकडे शोधत बसत. यावर पुरवठादाराचा उपाय काय, तर नव्या सर्व्हरचे कोटेशन!

लिनक्स या संगणक प्रणालीत यासाठी एलव्हीएम (लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर) ही डिस्कवरची जागा एकत्र करून वाटून देणारी सोय आहे. हाइन्झ माउएल्सहागेन यांनी ते १९९८ मध्ये लिहिले आणि ते विनामूल्य आहे. शेतजमिनीची तुकडेजोड करावी तसे निरनिराळ्या डिस्कवरचे पार्टिशन एका गटात आणायचे आणि त्या गटातून हवा तेवढा व्हॉल्यूम, म्हणजे साठवणीचा नवा कप्पा, काढायचा. गट जागा मोजतो ती सहसा ४ एमबीच्या तुकड्यांत. पुढे जागा अपुरी पडली तर व्हॉल्यूम वाढवणाऱ्या एलव्हीएक्सटेंड या आज्ञेला ‘-आर’ जोडावे. फाइल सिस्टिमही (व्हॉल्यूमवर फाइली मांडून ठेवणारी रचना) त्याबरोबर वाढते, मशीन बंद करावे लागत नाही. आमच्याकडची एक डिस्क कुरकुरू लागली, तेव्हा नवी डिस्क गटात घेऊन पीव्हीमूव्ह ही मजकूर हलवणारी आज्ञा चालवली. जुन्या डिस्कवरचे सगळे नवीवर सरकत होते आणि अभ्यासिकेतली मुले त्याच वेळी तेच अंक उघडून वाचत होती. मग व्हीजीरिड्यूसने जुनी डिस्क गटातून काढली.

पथ्ये मात्र कडक आहेत. पार्टिशन गटासाठी तयार करणारी पीव्हीक्रिएट ही आज्ञा चालवली की त्या पार्टिशनवरचा मजकूर गेलाच समजा. आधी सगळे बाहेरच्या डिस्कवर उतरवून, उघडून तपासून घ्यावे. एक व्हॉल्यूम दोन डिस्कवर पसरलेला असेल तर एक डिस्क गेली तरी संपूर्ण संग्रह धोक्यात येतो, म्हणून दुसरी प्रत वेगळ्या इमारतीत हवीच. एक्सएफएस फाइल सिस्टिम वाढवता येते, पण व्यवहारात लहान करता येत नाही. त्यामुळे पहिल्याच दिवशी सगळी जागा वाटून टाकू नये, थोडी गटात राखून ठेवावी.

ग्रंथालय संचालनालयाला माझी कळकळीची विनंती आहे. अनुदानातून होणाऱ्या संगणक खरेदीच्या अटींत एलव्हीएमची मांडणी सक्तीची करावी आणि कोणत्या डिस्कवर काय आहे, याचा छापील तक्ता पुरवठादाराने ग्रंथपालांकडे द्यावा. आज ही माहिती फक्त पुरवठादाराच्या माणसाला असते. तो नोकरी सोडून गेला की विचारायचे कोणाला?

आपला,
एक ग्रंथालय कार्यकर्ता, जि. सातारा