वाक्याच्या शेवटी प्रेपोझिशन आलं तर मार्क का कापता?

संपादक साहेब, नमस्कार.
कितीतरी क्लासेसमधे अजूनही पोरांना शिकवतात की इंग्रजी वाक्य प्रेपोझिशनने (फॉर, टू, विथ असल्या शब्दाने) संपवलं की चूक. अहो पण हा नियम आला कुठून ते तरी बघा! १६७२ मधे कवी जॉन ड्रायडनने नाटककार बेन जॉन्सनच्या वाक्यांवर ही टीका केली, त्याआधीपासून लोक तसंच बोलत लिहीत होते. मग १७६२ मधे बिशप रॉबर्ट लाउथने व्याकरण लिहिलं, त्याने पण चूक म्हटलं नाही, बोलण्यात चालतं, गंभीर लिखाणात टाळलेलं बरं दिसतं एवढंच म्हणाला, आणि पुढच्या मास्तरांनी त्याचा कायदाच करून टाकला. १९२६ मधे इंग्रजीचे कोशकार हेन्री फाउलरने तर याला सरळ अंधश्रद्धा म्हटलंय. "व्हॉट आर यू लुकिंग फॉर" हे रोजच्या बोलण्यात दुसरं कसं विचारणार, सांगा? आधीच मराठी मीडियमची पोरं इंग्रजीत तोंड उघडायला घाबरतात, त्यात असल्या नियमावर मार्क कापणं हा अन्याय आहे. पेपर काढणाऱ्यांनी आणि तपासणाऱ्यांनी हे ताबडतोब थांबवावं ही कळकळीची विनंती.
- एक पालक, सातारा