दिवाणाच्या पोटातली वही

प्रिय डबीर,

दीड वर्ष पत्र नाही, चूक माझीच. गुडघा कुरकुरतो, बाकी ठीक.

परवा समन्स आलं. धाकट्या भावानं वाटपाचा दावा लावलाय. बेलिफाला अण्णांच्या दिवाणावर बसवलं (ज्यात तुझ्या सिगरेटी लपवायचो तोच), कागदावर पाहिलं तर ‘दिवाणी न्यायालय’. मला हसूच फुटलं. बेलिफ बावरला. घरात हे कुणाला सांगू?

रात्री झोप येईना, म्हणून शब्दाच्या मागे लागलो. दिवाण म्हणजे आधी हिशेबाची वही. फारसीतून अरबीत गेला. खलिफा उमरनं सैनिकांच्या वेतनाची नोंद ठेवली, ती दिवाण. वहीवरून कचेरी, कचेरीतल्या भिंतीलगतच्या बैठकीवरून हा पलंग. फारसी कवी हाफिजचा कवितासंग्रहही दिवाणच. मुघल बादशहा शहाआलमनं १७६५ साली ईस्ट इंडिया कंपनीला बंगालची दिवाणी दिली, म्हणजे महसूल आणि जमीनजुमल्याचे तंटे. माझा तंटा त्याच खात्यातला.

आता माफी. कॉलेजात तू दिवाण आणि दिवाना एकच म्हणालास, तेव्हा मी तुला मेसभर गाढव ठरवलं. अरे, इब्न खल्दून या जुन्या अरब इतिहासकारानं तीच गोष्ट नोंदवलीय! इराणच्या खुस्रो राजानं कारकून स्वतःशी पुटपुटत आकडेमोड करताना पाहिले आणि म्हणाला, ‘दिवाने!’ अर्थात भाषावाले ही कथा मानत नाहीत, त्यामुळे अर्धाच गाढव मी. ते मूळ सांगतात जुन्या फारसीतलं ‘दिपि’, लिखाण. अशोकाच्या शाहबाजगढीच्या लेखात ‘दिपि’ आहे, गिरनारला ‘लिपि’. आणि दबीर, म्हणजे लेखनिक, त्याच मुळाचा! महाराजांनी १६७४ ला डबीर या पदाचं नाव सुमंत केलं, तुम्ही मात्र डबीरच राहिलात. म्हणजे तू माझ्या पलंगाचा चुलतभाऊ.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच. कागद शोधायला दिवाण उघडला, तर गोधड्यांखाली अण्णांची वही. मुंगीएवढं अक्षर : ‘स्लॅब, धाकट्याकडून ४०,०००.’ वरचा मजला मी एकट्यानं चढवला, हे मी वीस वर्षं सांगत आलोय. तूही ऐकलंयस, कंटाळेस्तोवर. हे पैसे मला आठवत नाहीत, शपथ. वकील म्हणतो, वही सापडलीच नाही असं धरा. बायको काही म्हणत नाही, नुसती बघते. धाकट्याला फोन लावायला घेतला, दोनदा ठेवला.

लेकीचं लग्न ठरलं का? वहिनींना नमस्कार. पेन्शनचं मार्गी लागलं ना?

वही सध्या परत दिवाणात ठेवलीय. त्यावरच झोपतो. काय करू, लिही लवकर.

तुझा,
बाळू