तापलेल्या गाडीचा वॉल काढून फेकू नका

मा. संपादक,
स.न.

उन्हाळा लागला की टायरची हवा, बॅटरीचं पाणी, एसी यांबद्दल सूचना छापून येतात. इंजिनातून रेडिएटरकडे जाणारं पाणी गरजेप्रमाणे अडवणाऱ्या आणि सोडणाऱ्या थर्मोस्टॅट वॉलबद्दल (व्हॉल्व्हबद्दल) कोणी लिहीत नाही. मी दर्यापूर तालुक्यातला. बावीस वर्षांपासून काळीपिवळी चालवतो. या एका वस्तूपायी माझं जे नुकसान झालं, ते दुसऱ्या कोणाचं होऊ नये म्हणून लिहितो आहे.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात डायलिसिसचा पेशंट घेऊन अमरावतीला निघालो होतो. वलगावच्या अलीकडे इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्यावर गेला. गाडी निंबाखाली लावली. पेशंटला दुसऱ्या गाडीत बसवून दिलं, पण तोवर पाऊण तास गेला. त्या माणसाचा चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही. गाडी ओढून गॅरेजला नेली, तर मिस्त्री म्हणाला, "काहाले पाह्यजे तो वॉल? थंड्या मुलखातली वस्तू हाय ते. डायरेक्ट करून टाकू." पाना लावला आणि दहा मिनिटांत वॉल बाहेर. आमच्याकडे बहुतेक ठिकाणी असंच चालतं. बाहेर 45 अंश, मग इंजिन गरम करणाऱ्या वस्तूचं काय काम, असं मलाही पटलं.

ते चूक होतं. बाहेर कितीही ऊन असलं तरी इंजिनातलं पाणी 80-90 अंशांवर राहिलं तरच इंजिन नीट चालतं. वॉलच्या पोटात मेण असतं. साधारण 82 अंशांना ते वितळून फुगतं, दांडी ढकलतं आणि रेडिएटरकडची वाट उघडते. तोपर्यंत पाणी इंजिनातच फिरतं. वॉल काढला की पहिल्या मिनिटापासून काही पाणी रेडिएटरला जातं आणि इंजिनाला ऊब धरायला फार वेळ लागतो. माझी गाडी चौदाचं अॅव्हरेज द्यायची, ती हिवाळ्यात साडेबारावर आली. काटा तळाशीच राहायचा आणि मी त्यातच समाधान मानत होतो.

पुढच्या उन्हाळ्यात नऊ माणसं भरून परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटाला लागलो आणि वॉल नसतानाही गाडीनं हीट मारली. या वेळी हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधली पट्टी, उडाली. हेडचं फेसिंग (तळ घासून सपाट करणं) धरून अठरा हजार गेले.

परतवाड्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं कारण दाखवलं. माझ्यासारख्या काही इंजिनांत वॉल पूर्ण उघडला की त्याची खालची चकती बायपासचं, म्हणजे पाणी परस्पर इंजिनात परत नेणाऱ्या वाटेचं, तोंड बंद करते. वॉलच नसेल तर ते तोंड उघडंच राहतं आणि बरंचसं गरम पाणी रेडिएटरला न जाता इंजिनातच परत फिरतं. सपाट रस्त्यावर निभून जातं, घाटात भरलेल्या गाडीला निभत नाही. जुना वॉल मी डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला होता. त्यांनी तो दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडला, बाजूला तापमापी धरली आणि खाली स्टोव्ह पेटवला. पाणी खळखळून उकळलं तरी वॉल नखाएवढासुद्धा उघडला नाही. अंगावर पांढरा थर बसला होता. नवा वॉल साडेचारशेचा, त्यावर 82 आकडा कोरलेला. तो ऐंशीच्या पुढं हलू लागला आणि नव्वदीत पूर्ण उघडला.

तो पांढरा थर आमच्या खारपाणपट्ट्यातल्या बोअरचा. पूर्णा नदीकाठचं हे खारं पाणी पिकाला चालत नाही, तेच आम्ही कॅन भरून रेडिएटरमध्ये ओततो. रेडिएटरच्या नळ्याही त्यानंच अर्ध्या बुजल्या होत्या. आता कंपनीनं सांगितलेलं कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून टाकतो.

पातेल्याआधीची तपासणी कोणालाही जमते. सकाळी थंड गाडी चालू करा आणि पंख्यापासून हात लांब ठेवून वरच्या होज पाइपला मधूनमधून हात लावा. काही मिनिटं तो थंड राहून मग एकदम तापला, तर वॉल ठीक. सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला, तर वॉल उघडा अडकलाय किंवा कोणीतरी काढलाय. काटा लालकडे चालला आणि पाइप थंडच, तर लगेच इंजिन बंद करा. वॉल बंद अडकला असेल, नाहीतर पाणी कमी आहे किंवा वॉटर पंप गेलाय. काही गाड्यांत वॉल खालच्या पाइपाच्या तोंडाशी असतो, तिथं हात खालच्या पाइपला लावायचा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण मात्र कधीच उघडू नका. आत दाबाखालचं पाणी शंभराच्या वर गेलेलं असतं, तोंडावर उसळतं. आमच्या स्टँडवरच्या एका पोराचा हात असाच भाजला.

मिस्त्री मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे. वॉल काढायचा तर आधी पातेल्यात तपासा, खराब निघाला तर त्याच आकड्याचा नवा बसवा. आणि तालुक्याच्या आयटीआयला मोटार मेकॅनिक शिकणारी पोरं आहेत. एप्रिलमध्ये दोन दिवस त्यांना स्टँडवर पाठवलं तर पेशंट नेणाऱ्या आमच्या गाड्या मे लागायच्या आत तपासून होतील. स्टोव्ह आणि पातेलं मी घेऊन येईन.

एक काळीपिवळीचालक,
ता. दर्यापूर, जि. अमरावती