युनॅटकोची धून

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

मागच्या पत्रात तू विचारलं होतंस, गेममधल्या संगीतात एवढं काय असतं की मी त्यासाठी रात्री जागवतो? तेव्हा उत्तर जमलं नव्हतं. गेला आठवडाभर 'डेअस एक्स' पुन्हा खेळलो. आता जमेल असं वाटतं.

हा गेम जून 2000 मधला, आणि गोष्ट 2052 सालची. जगभर साथ पसरलेली, स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचं डोकं उडवलेलं, माणसांच्या शरीरात यंत्रं. त्याचं बरंचसं संगीत अलेक्झांडर ब्रँडन आणि मिखिल व्हान डेन बोस यांचं. दोघंही ट्रॅकरवर वाढलेले. ट्रॅकर म्हणजे वाद्यांचे छोटे छोटे ध्वनिनमुने आणि कुठला कधी, किती वर-खाली वाजवायचा याच्या सूचना. फाइलमध्ये तयार ध्वनिमुद्रण नसतंच. तुझ्या भाषेत सांगायचं तर स्वरलिपी आणि वाद्यं एकाच पेटीत, आणि गेम चालू असताना कॉम्प्युटर ती समोर वाजवतो.

खरी गंमत इथेच आहे. प्रत्येक जागेच्या धूनचे भाग पाडलेले असतात: नुसतं फिरताना एक, कुणाशी बोलताना दुसरा, झटापटीत तिसरा, मरताना चौथा. मी अंधारातून दबकत चाललेलो असतो, खाली एक लांब, थंड सूर चालू असतो. पहारेकरी वळतो, त्याला मी दिसतो, आणि संगीत बदलतं. लढाई संपली तरी ते लगेच शांत होत नाही. काही सेकंद वाट बघतं, मग मघाची धून जिथे सोडली होती तिथून पुढे सुरू होते. त्या काही सेकंदांत मी श्वास रोखून बसतो. अजून कुणी शोधतंय का, हे मी डोळ्यांपेक्षा कानांनी ओळखायला शिकलो. साथीदार गायकाच्या तोंडाकडे बघून वाजवतो ना, तसं हे संगीत माझ्याकडे बघून वाजतं.

पण मला सांगायचंय ते युनॅटकोच्या धूनबद्दल. युनॅटको म्हणजे गेममधली संयुक्त राष्ट्रांची दहशतवादविरोधी संघटना; तुझी, म्हणजे नायकाची, नोकरीची जागा. त्याच पुतळ्याच्या बेटावर, जमिनीखाली. प्रत्येक कामगिरीनंतर तिथे परतायचं, वरिष्ठांना भेटायचं, डॉक्टरशी दोन शब्द बोलायचे. आणि ती धून. ठाम ठेका, वर सिंथचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्याचा, आत्मविश्वासाने चढत जाणारा सूर. तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत दार उघडलं की मला घरी आल्यासारखं वाटायला लागलं. काही काम नसताना मी त्या कॉरिडॉरमध्ये नुसता उभा राहून ऐकायचो.

पुढे कळतं की आपण चुकीच्या बाजूला होतो. नायक पकडला जातो, एका अनोळखी तळघरातल्या कोठडीत जागा होतो, दारामागून दार पार करत सुटतो, आणि शेवटचं दार उघडतं ते युनॅटकोतच. ती कोठडी इतके दिवस आपल्या पायाखाली होती. भिंती त्याच, टेबलं तीच, ओळखीची माणसं तिथेच. फक्त धून आता वेगळी. मी ती जुनी धून येईल म्हणून थांबलो होतो रे, खरंच. पहिल्यांदा खेळलो तेव्हा तिथे मला रडू आलं होतं, आणि या आठवड्यातही आलं.

याच मालिकेतल्या, 2011 साली आलेल्या 'ह्यूमन रेव्होल्यूशन' या गेमचं संगीत मायकल मॅकॅन यांचं. तेही सुंदर आहे, मानवी आवाजांनी भरलेलं. त्यात श्रेयनामावली संपल्यावर ब्रँडन यांची जुनी मुख्य धून येते. मी खुर्चीतून उठलो होतो, तसाच उभा राहिलो.

हे संगीत सुटं ऐकायला मिळतं, पण तू तसं ऐकू नकोस. आधी युनॅटकोत चार वेळा जाऊन ये. मग त्या तळघराच्या दारापाशी पोचलास की मला लिही.

तुझ्या उत्तराची वाट बघतोय.

तुझाच,
जुना मित्र