शस्त्र पुसण्याच्या फडक्यावरील चुकीच्या सूचनांबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : सिलिकॉनयुक्त फडक्याच्या वेष्टनावरील दावा व सूचना, आणि त्या पाळूनही पिस्तुलाला लागलेला गंज

महोदय,

आपल्या कंपनीचे शस्त्र पुसण्याचे फडके मी घेतले ते वेष्टनावरच्या एका ओळीमुळे : "दिवसाअखेर एकदा पुसा, घाम आणि गंज दोन्ही विसरा." घाम विसरण्याची सोय माझ्या कामात नाही. पिस्तूल दिवसभर कमरेला, शर्टाच्या आत असते. पूर्ण उघडून साफसफाई गोळीबाराच्या सरावानंतर किंवा ठरल्या वेळी होते. मधल्या दिवसांत फक्त बाहेरून पुसायचे असते आणि आपले उत्पादन नेमके त्याच कामासाठी विकले जाते.

आता त्या पिस्तुलाच्या स्लाइडच्या (नळीवरच्या मागेपुढे सरकणाऱ्या पोलादी भागाच्या) डाव्या बाजूवर, म्हणजे उजव्या कमरेला लावल्यावर जी बाजू अंगाला टेकते तिथे, तांबूस ठिपके आले आहेत. मागच्या साइटच्या (नेम धरायच्या खुणेच्या) बुडाशी आणि स्लाइड ओढायच्या खाचांमध्ये गंज जास्त आहे. ग्रिपच्या (मुठीच्या) स्क्रूंच्या डोक्यातही तो दिसतो. बाहेरची उजवी बाजू स्वच्छ आहे. दोन्ही बाजूंना फडके तेच आणि पुसणारा हातही तोच, म्हणजे फरक घामाचा.

याबद्दल फोन केला तेव्हा आपल्या प्रतिनिधीने मला विचारले, "तुम्हाला घाम फार येतो का?" हो, येतो. अंगावर पिस्तूल बाळगणाऱ्या सगळ्यांनाच येतो, म्हणून तर हे फडके घ्यायचे. छत्री गळते अशी तक्रार करणाऱ्याला "तुमच्याकडे पाऊस फार पडतो का?" असे विचारण्यातला हा प्रकार झाला. पुढे त्यांनी सांगितले की, फडके फिरवण्याआधी शस्त्र "घाममुक्त" असायला हवे. ही अट वेष्टनावर नाही, आतल्या सूचनापत्रातही नाही.

माझी मुख्य तक्रार हीच आहे. घामातले पाणी उडून जाते, मीठ धातूवर राहते. त्या मिठातले क्लोराइड पोलादावर बारीक खड्डे पाडते, आणि मीठ हवेतला ओलावा ओढून घेत असल्यामुळे वरवर कोरडे दिसणारे पिस्तूलही आतून गंजत राहते. सिलिकॉन असो की तेल, मीठ दोन्हींत विरघळत नाही. ते विरघळते पाण्यात. घाम वाळलेल्या पोलादावर आपले फडके फिरवले की मीठ जागच्या जागी पसरते, खाचांत ढकलले जाते आणि त्यावर चकचकीत थर बसतो. पिस्तूल चमकते, म्हणून पुसणारा निर्धास्त होतो. यापेक्षा न पुसलेले पिस्तूल बरे, निदान त्याकडे संशयाने तरी पाहिले जाते.

म्हणून योग्य क्रम असा : मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढायचे, चेंबर (नळीच्या मागची काडतूस बसायची जागा) रिकामे करून डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करायची. मग स्वच्छ पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या सुती कापडाने बाहेरचा भाग पुसायचा, लगेच दुसऱ्या कापडाने पूर्ण कोरडा करायचा, खाचा आणि साइटचे कोपरे मऊ ब्रशने साफ करायचे, आणि शेवटी तेलाचा अगदी पातळ हात फिरवायचा. तेल ओघळेल इतके लावले तर कपड्यांचे धागे आणि धूळ चिकटते, आणि ते काडतुसांपर्यंत गेले तर प्रायमर (काडतुसातली दारू पेटवणारी बुडाची टोपी) खराब होऊ शकतो. आपल्या फडक्याला या क्रमात जागा आहे, पण ती शेवटची.

पोलादाला पाणी लावायचे म्हटले की आपल्या प्रतिनिधीसारखेच बरेच जण दचकतात. पण पूर्वी पोटॅशियम क्लोरेट असलेले प्रायमर वापरात होते, तेव्हा नळीत उरणारा पोटॅशियम क्लोराइडचा क्षार काढायला सैनिक आधी उकळते पाणीच ओतत आणि तेल नंतर लावत. क्षार तेलाने जात नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. शस्त्रांच्या निगेचे सामान विकणाऱ्या कंपनीला ते ठाऊक नसावे, याचे मला नवल वाटते.

दुसरी हरकत सूचनापत्रातल्या या वाक्याला : "फडके कधीही धुऊ नये, ते वर्षानुवर्षे चालते." सिलिकॉन निघून जाईल म्हणून धुऊ नये, इथपर्यंत ठीक. पण रोज घामट पिस्तुलावरून फिरणारे फडके रोज थोडे मीठ आणि धूळ उचलते. ते कधीच धुवायचे नसेल, तर कालचे मीठ आज परत पिस्तुलावर जाणार. आपल्या सूचनेप्रमाणे ते मूळच्या प्लास्टिक पिशवीतच ठेवायचे, म्हणजे ओलावा बाहेर पडायचीही सोय नाही. "वर्षानुवर्षे" हा शब्द कोणत्या चाचणीवरून छापला, ते कळवावे.

वेष्टनावर "मिठाच्या फवाऱ्याच्या चाचणीत उत्तीर्ण" असा शिक्काही आहे. एएसटीएम बी११७ या प्रचलित पद्धतीत ३५ अंश सेल्सिअसला ५ टक्के मिठाच्या पाण्याचे धुके नमुन्यावर सतत सोडतात. आपण हीच पद्धत वापरली का आणि किती तास, याचा वेष्टनावर उल्लेख नाही. पण कितीही तास असले तरी अशा चाचणीत थर आधी स्वच्छ पट्टीवर बसतो आणि मीठ नंतर येते. माझ्या पिस्तुलावर मीठ आधी येते, थर नंतर. शिवाय त्या पट्टीला होल्स्टर (पिस्तुलाचे कमरेचे म्यान) घासत नाही.

आपल्या ईमेलमध्ये ब्लूइंग केलेले शस्त्र बदलून स्टेनलेसचे घ्यावे असा सल्लाही आहे. ब्लूइंग हा मॅग्नेटाइटचा पातळ, सच्छिद्र थर असतो, तेलाशिवाय त्याचा गंजापुढे फारसा टिकाव लागत नाही, हे मान्य. पण वेष्टनावर "सर्व प्रकारच्या पृष्ठभागांसाठी" असे लिहिले आहे, आणि ब्लूइंग हा काही दुर्मीळ प्रकार नव्हे. स्टेनलेसही गंजत नाही असे नाही. नळ्या आणि स्लाइडसाठी वापरले जाणारे ४१६ जातीचे पोलाद कापायला सोपे जावे म्हणून त्यात गंधक घालतात, आणि त्यामुळे त्याची गंजरोधक ताकद कमी होते. घाम तिथेही खड्डे पाडतो. एका फडक्याच्या तक्रारीवर नवे पिस्तूल घ्या हे उत्तर मला पटलेले नाही.

गंज काढून पुन्हा मुलामा द्यायला पिस्तूल कारागिराकडे दिले आहे. सिलिकॉनचा अंश राहिला तर नवा थर नीट धरत नाही, म्हणून आधी ते पूर्ण उतरवावे लागेल आणि त्याचा खर्च वेगळा, असे त्यांनी सांगितले. ही गोष्टही आपल्या वेष्टनावर नाही.

सूचनापत्रात आणखी एक उणीव आहे, ती माझ्या नुकसानीशी संबंधित नसली तरी सगळ्यात गंभीर आहे. पुसण्याआधी शस्त्र रिकामे करा, ही ओळ त्यात कुठेच नाही. चित्रात तर मॅगझिन लावलेलेच पिस्तूल पुसताना दाखवले आहे.

माझ्या मागण्या : फडक्याची किंमत आणि नव्या मुलाम्याचा खर्च मिळावा. वेष्टनावरची "घाम आणि गंज दोन्ही विसरा" ही ओळ काढावी. सूचनापत्रात शस्त्र रिकामे करणे, ओल्या कापडाने घाम काढणे आणि कोरडे करणे या पायऱ्या याच क्रमाने छापाव्यात, आणि फडके कधी बदलायचे तेही लिहावे. ज्यांनी हे फडके आधीच घेतले आहे, त्यांना दुरुस्त सूचना आपणहून पाठवाव्यात. भेट म्हणून आणखी एक फडके पाठवण्याचा प्रस्ताव आपल्या ईमेलमध्ये आहे, तो मला मान्य नाही.

उत्तर लेखी मिळावे. पंधरा दिवसांत न मिळाल्यास हीच कागदपत्रे घेऊन मी ग्राहक आयोगाकडे जाईन.

कळावे,
आपला ग्राहक

सोबत : खरेदीच्या पावतीची प्रत, स्लाइडच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे, वेष्टन व सूचनापत्राची छायाचित्रे, कारागिराने दिलेला खर्चाचा अंदाज.