ओलं गोणपाट पुरत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी अकोल्यात २२ वर्षांपासून कूलर बसवण्याचं आणि दुरुस्तीचं काम करतो. होळी झाली की आमचा हंगाम सुरू होतो आणि मे महिन्यात तर जेवायला घरी यायचीही सोय नसते. वर्तमानपत्राला पत्र लिहिण्याची ही माझी पहिलीच वेळ. पण सुट्ट्या तोंडावर आल्या आहेत आणि बाजारात पिंजऱ्यात मांडलेले गिनीपिग पुन्हा दिसायला लागले आहेत. लेकरं हट्ट धरतात, आईबाप घेऊन देतात, आणि घरात वास नको म्हणून पिंजरा जातो गॅलरीत नाहीतर गच्चीवर. आम्हीही तेच केलं होतं, म्हणून लिहितो आहे.

२०२३ च्या दिवाळीत मुलीसाठी दोन गिनीपिग आणले, दोन्ही माद्या. एकीचं नाव बुंदी, दुसरीचं ढब्बू. दुकानदार म्हणाला, "बाहेरच ठेवा, काही होत नाही, काटक जात आहे." हिवाळाभर खरंच काही झालं नाही. कोथिंबिरीची पिशवी नुसती वाजली तरी दोघी पुढचे पाय जाळीवर टेकून शीळ घातल्यासारख्या ओरडायच्या, अगदी स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचं. आम्हाला वाटलं, चांगलं मानवलं यांना.

मग मे आला. २०२४ च्या मे महिन्यात उष्णतेच्या लाटेमुळे आपल्या जिल्ह्यात १४४ कलम लावावं लागलं होतं, हे वाचकांना आठवत असेल. पारा ४५ च्या वर होता. मी पिंजरा उत्तरेकडच्या गॅलरीत सरकवला, तिथे दिवसभर सावली असते. वरून आणि चारही बाजूंनी ओलं गोणपाट टाकलं आणि कामावर गेलो. अडीच वाजता बायकोचा फोन आला, "अहो, बुंदी उठत नाही."

घरी पोचलो तेव्हा गोणपाट खडखडीत वाळलेलं होतं. बुंदी आडवी पडलेली, पाय मागे ताणलेले, तोंडाखालचे केस लाळेने भिजलेले, कान लालभडक. पाणी पाजावं म्हणून पिंजऱ्याला अडकवलेली बाटली काढायला गेलो आणि तिच्या स्टीलच्या नळीचा बोटाला चटका बसला. आतलं पाणी चहासारखं गरम. म्हणजे बाटली भरलेली होती, पण त्या नळीला तोंड लावणं त्या जिवाला शक्यच नव्हतं. ही गोष्ट माझ्या मनातून अजून जात नाही. बाटली भरलेली बघून सकाळी मी निश्चिंत होऊन निघालो होतो.

कूलरची हवा मोजायला माझ्याकडे थर्मामीटर असतो. नंतर मोजलं तर सावलीतल्या त्या गॅलरीत ४३ अंश होते आणि आत कूलरच्या खोलीत २९. मध्ये फक्त एक दार.

बुंदी दवाखान्यात पोचेपर्यंत गेली. पशुवैद्य मॅडमनी ढब्बूचे कान आणि पाय साध्या पाण्याने ओले केले. बर्फाचं पाणी एकदम अंगावर ओतू नका, असं त्यांनी बजावून सांगितलं. ढब्बू वाचली, पण तिने खाणं सोडलं. या प्राण्याचं आतडं सतत चालू लागतं, दिवसभर पोटात काही गेलं नाही तर तेवढ्यानेही ते दगावतात. तीन दिवस माझ्या मुलीने दर दोन-तीन तासांनी भिजवलेलं खाद्य सुई नसलेल्या सिरिंजने भरवलं. रात्रीही उठून. तेव्हा ती सहावीत होती.

मॅडमनी जे सांगितलं ते दुकानात कोणी सांगितलं असतं तर बुंदी आज असती. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचा, थंड हवेतला प्राणी. त्याला घाम येत नाही, कुत्र्यासारख्या धापा टाकून अंग थंड करणंही जमत नाही. १८ ते २४ अंश त्याला मानवतात, तिशीच्या पुढे जिवावर बेततं. आणि पेरूमध्ये, जिथे हजारो वर्षांपासून तो पाळला जातो, तिथल्या खेड्यांत त्याला घरातच, स्वयंपाकघरात मोकळा ठेवायची रीत आहे. तिथे तो खाण्यासाठी पाळतात, ती गोष्ट वेगळी. पण ठेवतात घरात. मग आपण वऱ्हाडातल्या उन्हात त्याला पत्र्याखाली कोणत्या हिशोबाने ठेवतो?

माझ्या धंद्यातली एक गोष्ट मला त्या दिवशी सुचायला हवी होती. मी रोज दहा गिऱ्हाइकांना सांगतो की कूलर चालू असताना समोरची खिडकी उघडी ठेवा, ओली हवा बाहेर गेली नाही तर खोलीत घुसमट होते. पाण्याने गारवा येतो तो हवा खेळती असली तरच. आणि मी पिंजरा चारही बाजूंनी गोणपाटाने बंद केला होता. ओलं होतं तोवर आत दमटपणा कोंडला, आणि लू सुटल्यावर अर्ध्या तासात गोणपाट वाळलं, मग आत भट्टीच झाली. गॅलरीत गोणपाट टाकून निघालेल्या प्रत्येकाला मला हेच सांगायचं आहे. सावली आणि ओलं फडकं आपल्याकडच्या मे महिन्यात पुरत नाही. पिंजरा घरातच घ्या.

घरातही कूलरच्या थेट झोतात नको, बाजूला ठेवा, समोरची खिडकी उघडी ठेवून. आमच्याकडे दुपारी लाईन जाते, त्यासाठी फ्रीजरमध्ये पाण्याच्या दोन छोट्या बाटल्या गोठवून ठेवतो. सुती कापडात गुंडाळून एक पिंजऱ्यात ठेवली की ढब्बू तिला अंग लावून बसते. लपायला एक अर्धं फुटकं मडकं आडवं ठेवलं आहे, ते गार राहतं. पाणी मातीच्या जड वाटीत देतो आणि दिवसातून तीनदा बदलतो. पावसाळा लागला की कूलरचा पंप बंद, नुसता पंखा.

पावसाळ्यात बाहेर ठेवणंही मला पटत नाही. गवताला बुरशी येते, ओल्या अंगावर माशी अंडी घालते. मांजर आणि घूस तर बारा महिने आहेतच. थंडीच्या दिवसांत सकाळी कोवळ्या उन्हात अर्धा तास अंगणातल्या हरळीवर सोडायला हरकत नाही. कोणीतरी जवळ बसून राहायचं आणि तिथे तणनाशक मारलेलं नाही ना, ते आधी पाहायचं. ढब्बू तेव्हा अशा उड्या मारते की बघत राहावं.

दुकानदारांबद्दलही लिहितो. आम्हाला पक्ष्यांचे दाणे बांधून दिले होते. या प्राण्याला मुख्य लागतं ते वाळलेलं गवत, कारण दात आयुष्यभर वाढत राहतात. शिवाय माणसासारखंच त्याच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, म्हणून रोज ढोबळी मिरची, कोथिंबीर असं काहीतरी द्यावंच लागतं. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी केंद्र सरकारने २०१८ साली नियम केले आहेत, राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची आहे. संबंधित अधिकाऱ्यांनी उन्हाळा संपायच्या आत एकदा बाजारात फेरी मारून कोणाकडे नोंदणी आहे ते पाहावं. प्रत्येक पिंजऱ्यासोबत मराठीत चार ओळींचा कागद दिला जावा, एवढी माझी मागणी आहे. त्याला खर्च एका झेरॉक्सचा.

एकटी राहिलेली ढब्बू महिनाभर कोपऱ्यात बसून होती. त्यांना सोबत लागते. नंतर ओळखीच्या एका घरून, त्यांच्या गच्चीवरच्या पत्र्याखालून, आम्ही दुसरी मादी आणली. ढब्बू आता बरी आहे.

माझ्या मुलीने पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे, "यांना उन्हाळ्यात बाहेर ठेवू नका. सावलीतसुद्धा नाही." बुंदी जिथून आणली त्याच दुकानात तिने तो पुठ्ठा गेल्या आठवड्यात नेऊन दिला. दुकानदाराने ठेवून घेतला. लावला आहे का, ते पाहायला आम्ही दोघं या रविवारी जाणार आहोत.

आपला,
एक कूलर मेकॅनिक, अकोला