हा घोट वहीत मांडू नका

प्रिय मित्रा,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझं पत्र मंगळवारी आलं. लगेच लिहायला बसलो नाही, कारण वाचून राग आला होता. तुझ्यावर नाही. दादांच्या मातीला आठवडाही झाला नव्हता आणि प्रार्थनेला आलेल्या एका गृहस्थांनी तुला रडताना पाहून म्हणावं, "विश्वासणाऱ्याने असं रडू नये, शास्त्र सांगतं, प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा"! तेव्हापासून तू उपासनेला गेला नाहीस. आणि मला विचारतोस, माझा विश्वासच कमी आहे का रे?

नाही, गड्या. ते वचन ज्या पत्रातलं आहे ते पत्र मी गेल्या दोन वर्षांत किती वेळा वाचलं याची मोजदाद नाही. तुझ्या वहिनीचं डायलिसिस सोमवार, बुधवार, शुक्रवार. ती चार तास आत, मी बाहेरच्या बाकावर. फिलिप्पैकरांस लिहिलेलं ते पत्र चारच अध्यायांचं. सलग वाचलं तर अर्ध्या तासाच्या आत संपतं. एकेक वचन सुटं काढून लोक कॅलेंडरवर छापतात, म्हणून त्याच्या आजूबाजूला काय आहे ते दिसत नाही. पत्र लिहिणारा प्रेषित पौल बेड्यांत आहे. सुटका होईल की मरण येईल, त्याला माहीत नाही. फिलिप्पैच्या मंडळीने मदत देऊन पाठवलेला एपफ्रदीत त्याच्याजवळ येऊन मरणाच्या दारापर्यंत आजारी पडला होता. तो बरा झाल्यावर पौल काय लिहितो बघ: देवाने त्याच्यावर दया केली, आणि माझ्यावरही, मला दुःखावर दुःख होऊ नये म्हणून. दुसऱ्या अध्यायात आहे. म्हणजे एपफ्रदीत गेला असता तर पौल दुःखात बुडाला असता, आणि हे तो लपवत नाही. तिसऱ्या अध्यायात तर सरळ लिहितो की मी हे रडत सांगतो आहे. ज्याने "आनंद करा" लिहिलं, त्याचे डोळे त्याच पत्रात ओले आहेत. तुला रडू नको म्हणणाऱ्याने पौलाची साक्ष काढायला नको होती.

आता माझं सांगतो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. पहिलं वर्षभर मी उपासनेत एकही गीत गायलो नाही, नुसते ओठ हलवायचो. तुला आपली भजनं ठाऊक आहेत, टाळ घुमायला लागले की माणूस बसल्या जागी डोलतो. मी दगडासारखा बसायचो. घरी सगळा हिशेबच हिशेब. सकाळी उठल्यावर हिच्या डाव्या हातावरच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडली आहे तिथे, बोटं ठेवायची. आत रक्ताची थरथर लागते, मांजर गुरगुरावं तशी. ती लागली की जीव भांड्यात पडतो. भाज्या भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्यायचं आणि मग फोडणी. केळं बंद, नारळपाणी बंद. पाणी दिवसाला एक लिटर, त्यातच चहा, आमटी आणि गोळ्यांवरचा घोट. त्यासाठी एक वही घातली आहे. सकाळी सात, चहा, ऐंशी मिली. साडेआठ, गोळी, तीस मिली. उन्हाळ्यात ही बर्फाचा खडा गालात धरून बसायची आणि मी तो खडासुद्धा मांडायचो. नगरचा उन्हाळा तुला सांगायला नको.

गेल्या वर्षी मे महिन्यात हिला चर्चला जाववेना, म्हणून पाळकसाहेब आणि दोन वडीलजन प्रभूभोजन घेऊन घरी आले. भाकरीचा तुकडा झाला, मग प्याला. केवढासा असतो तो, अंगठ्याएवढा. हिने द्राक्षरस घेतला आणि माझा हात सवयीने वहीकडे गेला. पेन उघडलं. तशी ही म्हणाली, "अहो, हा घोट वहीत मांडू नका. हा माझ्या हिशेबातला नाही, त्याच्या हिशेबातला आहे." आणि हसली. किती महिन्यांनी तशी हसली, मोकळी, पूर्वी पंगतीत वाढताना हसायची तशी. पाळकसाहेबही हसले. मला रडू फुटलं आणि रडताना मीही हसत होतो. मग आम्ही पाच जण त्या खोलीत एक पद पुरतं गायलो.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. त्याच सुया, तेच मशीन. काहीही बदललं नव्हतं. पण तो आनंद खरा होता, मित्रा, मी तो हातात धरल्यासारखा अनुभवला. मी वर्षभर स्वतःच्या छातीतून आनंद उपसून काढायची खटपट करत होतो, कोरड्या विहिरीत पोहरा टाकावा तशी. तो आला दारातून, तीन माणसांबरोबर, पितळेच्या तबकात. नंतर तेच पत्र वाचताना चौथ्या अध्यायाकडे प्रथमच नीट लक्ष गेलं. पौल म्हणतो, मला मोठा आनंद झाला, कारण तुम्हाला पुन्हा माझी काळजी वाटू लागली. माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात हे चांगलं केलंत. त्यालासुद्धा आनंद कुणीतरी चालत येऊन आणून दिला होता.

पंडिता रमाबाईंचाही मी फार विचार करतो. शब्बाथशाळेची सहल केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनला गेली होती, आठवतं? आपल्या नगरच्या केडगावला नाही, दौंडकडच्या. तेव्हा आपण नुसते हुंदडलो. त्यांची आई, वडील आणि बहीण दुष्काळात गेली, पुढे भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच नवराही. हे सगळं तिशीच्या आत. नंतर 1896 च्या दुष्काळात त्याच बाई उपाशी मुली गोळा करून केडगावला आणतात. आणि 1921 साली एकुलती एक मुलगी मनोरमाही गेली. त्यानंतरही त्या शास्त्राच्या मराठी भाषांतराला धरून राहिल्या, पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये स्वतः जाईपर्यंत. त्या बाई रडल्या नसतील असं मला कुणी सांगू नये. ज्या मुलींना त्यांनी घास दिला, त्यांच्यापासून त्यांनाही काही मिळत असणार, असं मला आता वाटतं. पूर्वी मी त्यांना नुसतं धीराचं माणूस समजायचो.

आता तुझ्याशी कामाचं बोलतो. ईस्टरला तीन आठवडे आहेत. रविवार हिला सगळ्यांत जड जातो, शुक्रवारनंतर मध्ये दोन दिवस मशीन नसतं, पाणी साठतं, दम लागतो. तरी गेल्या वर्षी पहाटे चारला उठून म्हणाली, मला कबरस्थानात न्या. खुर्ची रिक्षात टाकून नेली. अंधार होता, सगळ्या कबरींवर मेणबत्त्या. पाळकसाहेब म्हणाले, "प्रभू उठला आहे," आणि लोकांनी उत्तर दिलं, "खरोखर उठला आहे." हिचा आवाज मला वेगळा ऐकू आला.

या वर्षी तू ये. शनिवारी संध्याकाळीच ये, मुक्काम आमच्याकडे. पिठलं-भाकरी मी करतो, आता बरी जमते. दादांच्या कबरीला मी पुढच्या आठवड्यात चुना लावून घेतो, फुलं तू आण. तिथे तुला रडू आलं तर रड, मी शेजारी उभा असेन, आणि कुणी काही बोललंच तर त्याच्याशी मी बोलेन.

आणि दादांची पेटी कुठे आहे? भाता फाटला असला तरी घेऊन ये. कापडबाजाराच्या मागे एक कारागीर आहे, तो करून देतो. पहाटेच्या पदांना गेल्या वर्षी पेटी नव्हती.

वहिनीने तुला सलाम सांगितला आहे.

तुझाच,
बोर्डिंगमधला शेजारच्या खाटेवरचा